तांबड्याची डावी बाजू

तांबड्यानं खुंटा उपटला तेव्हा खातरजमा दात घासत होता. तोंडातला फेस न थुंकताच तो गोठ्याकडे पळाला. तांबडा खुंट्यासकट दावं ओढत शेजारच्या दूधवाल्याच्या कुंपणाशी जाऊन पोचला होता. पलीकडच्या गाईकडे मान ताणून तो घशातल्या घशात घुमत होता आणि पुढच्या खुरानं माती उकरत होता. दूधवाला बादली घेऊन कुंपणापलीकडे उभा होता. त्यानं आधी तांबड्याकडे बघितलं, मग खातरजमाकडे.

"हा खच्ची केलाय ना रे?" त्यानं विचारलं.

"केलाय," खातरजमा म्हणाला, आणि बोलता बोलता फेस गिळला गेला.

दोघांनी मिळून वेसण धरून तांबड्याला परत आणलं. दूधवाला जाताना पुन्हा एकदा वाकून तांबड्याच्या मागच्या पायांमध्ये बघून गेला. त्याचं ते वाकणं खातरजमाला दिवसभर पुरलं.

खातरजमाचं खरं नाव काहीतरी होतं, ते जमिनीच्या कागदावर होतं. गावात मात्र सगळे त्याला खातरजमाच म्हणायचे, कारण कुठल्याही गोष्टीवर त्याचं एकच म्हणणं असायचं, खातरजमा करून घेतलेली बरी. दुकानातून मीठ आणलं तरी हा गडी चिमूटभर जिभेवर ठेवून बघायचा. बायकोनं दाराला कडी लावली की उठून ती हलवून यायचा. लग्न नवं होतं तेव्हा बायको चिडायची. आता पंधरा वर्षांनी कडी लावून झाली की तीच म्हणायची, "या, हलवून जा."

पाच वर्षांपूर्वी आबांनी, म्हणजे त्याच्या म्हाताऱ्या बापानं, दोन भावांची वाटणी करून दिली होती. शेत अर्धं अर्धं झालं, घरात मधोमध भिंत आली, विहीर दोघांत राहिली. बैलांची जोडी मात्र आबांनी अशी वाटली की एक बैल थोरल्याचा, म्हणजे खातरजमाचा, एक धाकट्याचा. लोक हसले. आबा म्हणाले, एका बैलानं कुणालाच नांगरता येणार नाही, म्हणजे दोघांचं बोलणं तरी चालू राहील. तेव्हापासून जोडी चार दिवस इकडे आणि चार दिवस तिकडे चालायची. आबा जेवायला थोरल्याकडे आणि झोपायला धाकट्याकडे असायचे.

ते दोन्ही बैल आता थकले होते, त्यातला एक तर लंगडत होता. त्यांच्या जागी दोन गोऱ्हे तयार होत होते. लाल अंगाचा तांबडा थोरल्याचा, पांढऱ्या ठिपक्यांचा बांडा धाकट्याचा. अडीच महिन्यांपूर्वी एकाच सकाळी आबांनी दोघांना खच्ची केलं होतं. आबांचा तो धंदाच होता. त्यांचा लोखंडी चिमटा हातभर लांब होता आणि चाळीस वर्षांत आसपासच्या सगळ्या गोठ्यांमधून फिरून आला होता; हल्ली तो उचलायला धाकटा बरोबर जायचा. आबांनी हात लावलेला गोऱ्हा बैलच व्हायचा, त्यात कुणाला शंका नसायची.

बांड्यानं अंग धरलं होतं. तो गव्हाणीपाशी उभा राहून शांतपणे रवंथ करायचा आणि कुणीही मानेवर जू ठेवलं तरी हलायचा नाही. तांबडा मात्र दिवसेंदिवस बिथरत चालला होता. त्याची मान जाड होत होती, वशिंड ताठत होतं, आणि जू दिसलं की तो शिंगं खाली करायचा. नांगरटीला बारा दिवस राहिले होते. धाकट्याच्या गोठ्यात सासुरवाडीहून आलेला एक काळा बैलही होता, चांगला शिकवलेला. तांबडा जुंपता आला नाही तर धाकटा बांड्याच्या जोडीला काळ्याला लावणार, आणि जोडी पुरती त्याची होणार. मग खातरजमाला नांगरासाठी भावाच्या दारात जाऊन उभं राहावं लागणार. हे एवढं सोडून जगातलं बाकी काहीही सोसायची त्याची तयारी होती.

त्या दिवशी दुपारी त्यानं तांबड्याला दोन्ही बाजूंनी आवळून बांधलं आणि मागे बसून स्वतः चाचपून बघितलं. उजवी गोळी सुकून सुपारीएवढी झाली होती. डावी जशीच्या तशी होती, भरलेली आणि गरम. तांबड्यानं लाथ झाडली ती त्याच्या मांडीला लागली. तो कळवळला, पण त्याला थोडं बरंही वाटलं. संशय खरा निघाला की त्याला नेहमीच थोडं बरं वाटायचं.

आता प्रश्न एवढाच होता की हे केलं कुणी.

संध्याकाळी कडबा तोडताना त्यानं ती सकाळ पुन्हा पुन्हा आठवून बघितली. आधी बांड्याला पाडला होता. तेव्हा तो स्वतः डोक्याशी होता आणि धाकटा मागे आबांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला होता. कातडी ताणून धरतो, असं म्हणाला होता. मग तांबड्याची पाळी आली, आणि धाकटा पुन्हा मागेच बसायला निघाला. तेव्हाच खातरजमाच्या डोक्यात पाल चुकचुकली होती. माझ्या गोऱ्ह्याच्या मागे याचं काय काम आहे? त्यानं धाकट्याला डोक्याकडे पाठवलं आणि स्वतः आबांच्या शेजारी बसला. धाकटा एकदा म्हणाला होता, "दादा, मी बसतो ना मागं, मला सवय आहे." तो अगदी अजीजीनं म्हणाला होता. एवढी अजीजी कशासाठी? खातरजमानं तेव्हापासून धाकट्याच्या हातांवरची नजर काढली नव्हती. आबांनी उजवीकडे दोनदा आणि डावीकडे दोनदा चिमटा आवळला होता, दर वेळी साठपर्यंत मोजलं होतं. धाकट्याचे हात सगळा वेळ शिंगांवरच होते, हे तो छातीवर हात ठेवून सांगू शकत होता.

मग राहिले आबा.

हा विचार आला तेव्हा त्याच्या हातातला कोयता थांबला. आबांनी? आबा झोपायचे धाकट्याकडेच. धाकट्याच्या बायकोनं शिवलेली गोधडी पांघरायचे. लहानपणापासून आबांच्या खांद्यावर बसायचा मान धाकट्याचाच होता. पोटच्या पोराबद्दल बापाच्या मनात डावंउजवं असतं हे खातरजमाला वयाच्या सहाव्या वर्षापासून माहीत होतं, आणि आता तर ते त्यानं हातानं चाचपून बघितलं होतं. त्याला रडूच आलं असतं, पण कडबा तोडायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा चहाला आले. बायकोनं चुलीवरून उतरवलेला चहा पितळी पेल्यात ओतून त्यांच्यापुढे ठेवला. आबांनी तो पेला पाची बोटांनी उचलला आणि निवांत धरून बसले. खातरजमानं स्वतःचा पेला उचलायचा प्रयत्न केला तर बोटं चटका लागून मागे आली. त्यानं फडकं घेतलं. आबा गेल्यावर त्यानं बायकोला विचारलं, आबांना वेगळा चहा देतेस का, कोमट करून? बायको म्हणाली, एकाच भांड्यातला आहे, समोर तर ओतला. त्यानं आबांचा रिकामा पेला उचलून बघितला, तो अजूनही गरम होता. याचा अर्थ काय लावायचा ते त्याला कळेना. म्हणून त्यानं, ज्या गोष्टींचा अर्थ लागत नाही त्या जिथं ठेवायचा, तिथं तीही ठेवून दिली.

मग तो तांबड्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेला. गाव शेतात पांगल्यावर मागच्या वाटेनं निघाला, कुणी बघायला नको म्हणून. दवाखान्याची डॉक्टरबाई तरुण होती, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली. तिनं तांबड्याला लोखंडी चौकटीत उभा केला, मागून हात घातला आणि थोड्या वेळानं म्हणाली, "उजवी झालीय. डावी नस जिवंत आहे."

"कुणी मुद्दाम केलं असेल?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं समजावून सांगितलं की गोळीकडे जाणारी नस कातडीच्या आत सरकत असते. ती आधी बोटांच्या चिमटीत पकडून कडेला आणावी लागते आणि मगच चिमटा आवळायचा. इथं कातडीवर वळ दिसतोय, म्हणजे चिमटा आवळला गेला, पण आत नस नव्हतीच. "ज्यानं केलं त्यानं ती पकडली नाही," ती म्हणाली. "आणलाच आहे तर मी करून देते आत्ता. पाच मिनिटांचं काम आहे."

दुसरा कुणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता. खातरजमानं नको म्हटलं. पाच मिनिटांत गोऱ्हा बैल झाला असता, पण मग गुन्हेगार कसा सापडणार? पकडली नाही, असं ती म्हणाली होती. हे शब्द तो सगळ्या वाटेनं चघळत आला. चाळीस वर्षं जी नस आबांना पकडता आली ती नेमकी त्याच्याच गोऱ्ह्याची पकडता येत नाही म्हणजे काय.

घरी आला तेव्हा आबा ओट्यावर बसून चिमट्याला तेल लावत होते. त्यानं तांबड्याला त्यांच्या समोर उभं केलं आणि डावी बाजू राहिलीय एवढंच सांगितलं. आबांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी चिमटा मांडीवरून बाजूला ठेवला.

"दवाखान्यात ने," ते म्हणाले. "बाई चांगली आहे म्हणतात."

खातरजमानं कान टवकारले. जन्मभर दवाखान्याचं नाव काढलं की थुंकणारा माणूस आज बाई चांगली आहे म्हणतो? त्यानं सांगितलं की दवाखान्यात वगैरे काही जायचं नाही. ज्यानं राखून ठेवलं त्यानंच पुरं करायचं, उद्या सकाळी, सगळ्यांच्या देखत. राखून ठेवलं हा शब्द त्यानं जरा जोरात उच्चारला. भिंतीपलीकडून धाकटा बाहेर आला होता. तो म्हणाला, "दादा, आबांना त्रास कशाला, मी जाऊन आणतो ना दवाखान्यातून करून."

"तुला का घाई?" खातरजमानं विचारलं.

धाकट्यानं आबांकडे बघितलं, आबांनी जमिनीकडे. त्या दोघांमध्ये काहीतरी ठरलेलं होतं हे आता आंधळ्यालाही दिसलं असतं. खातरजमा आत गेला आणि बायकोला म्हणाला की बघ, सगळे एक आहेत. बायको भाजी चिरत होती. ती म्हणाली, "तुम्हाला सोडून सगळे एक असतील, तर तुम्हीच जरा विचार करा." हे बोलणं त्याला अजिबात आवडलं नाही.

सकाळी अंगणात ओल्या मातीवर पेंढा पसरला. दूधवाला न बोलावता आला आणि कुंपणाला टेकून उभा राहिला. त्याचाही एक गोऱ्हा खच्ची करायचा होता, तो आबांकडूनच करून घ्यायचं आधीपासून ठरलेलं होतं. आता तो दोन्ही हात कुंपणावर ठेवून, विकत घ्यायच्या मालाकडे बघावं तसा आबांकडे बघत होता. तिकडे खातरजमाचं लक्ष नव्हतं. त्यानं जागा वाटून दिल्या. धाकटा डोक्याशी, तो स्वतः मागे.

"दादा," धाकटा हळूच म्हणाला, "आज तरी मला मागं बसू दे."

"आज तर मुळीच नाही."

तांबड्याच्या अंगाभोवती दोर टाकून दोघांनी ओढला. गोऱ्हा गुडघ्यांवर आला, मग हुंकारत कुशीवर पडला. धाकट्यानं मानेवर गुडघा ठेवला आणि शिंगं धरली. खातरजमानं मागचे पाय आवळून बांधले आणि आबांच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लागेल असा बसला. मागच्या वेळी त्यानं भावाचे हात बघितले होते. या वेळी तो बापाचे बघणार होता.

आबांनी चिमट्याची एक दांडी गुडघ्याखाली दाबली, दुसरी उजव्या हातात धरली. डाव्या हातानं त्यांनी तांबड्याची डावी बाजू धरली आणि अंगठा व दोन बोटं कातडीवरून फिरवायला लागले. खातरजमा त्या बोटांवर झुकला. बोटांची टोकं पांढरट होती, सालपटं निघाल्यासारखी. अंगठ्यावर भाजल्याचा एक जुना डाग होता आणि त्याच्या शेजारी एक नवा, फुगलेला. बोटं खाली गेली, वर आली. कातडीखाली नस सरकताना खातरजमाला डोळ्यांनी दिसली, चांगली सुंभाएवढी जाड. ती आबांच्या दोन बोटांच्या मधून गेली. आबांनी बोटं मिटली नाहीत. ती निघून गेल्यावर मिटली, नुसत्या कातडीवर.

आबांनी मग चिमटा पुढे आणला आणि थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी तोंड वर केलं आणि तांबड्याच्या अंगावरून पलीकडे, डोक्याशी बसलेल्या धाकट्याकडे बघितलं. धाकटा त्यांच्याकडेच बघत होता. त्याचे हात शिंगांवर होते, पण उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं आपोआप मिटत होती, उघडत होती. इथून, असं, आता.

खातरजमाला ते सगळं एकदम समजलं. मनात कडेला ठेवून दिलेला पितळी पेला आठवला. बांड्याच्या वेळी गुडघ्याला गुडघा लावून बसलेला धाकटा आठवला. कातडी ताणून धरतो म्हणणारा, नस शोधून म्हाताऱ्याच्या बोटांत ठेवणारा, आणि ते कुणाला कळू न देणारा. गावभर प्रत्येक गोऱ्ह्याच्या वेळी धाकटा सोबत का जायचा, हेही त्याला आत्ता कळलं. तांबड्याच्या वेळी तो तिथं नव्हता, कारण त्याला तिथून कुणी उठवलं होतं? त्या दिवशी आबांची बोटं अशीच फिरली असतील, याच्या नाकासमोर, आणि हा पहारेकरी पलीकडे भावाचे हात मोजत बसला होता. त्याला इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"काय झालं?" कुंपणावरून दूधवाल्यानं विचारलं. "आबा, सापडेना की काय?"

आबांनी बोटं पुन्हा कातडीवरून फिरवायला घेतली. दूधवाला कुंपणाचं फाटक उघडून आत यायला निघाला. तो आत आला असता, वाकून त्यानं बघितलं असतं, आणि दुपारपर्यंत सगळ्या गोठ्यांमध्ये कळलं असतं की म्हाताऱ्याच्या बोटांना काही लागत नाही.

खातरजमा मांडी धरून उठला. "अरे, कसलं सापडेना," तो म्हणाला. "माझी मांडी भरून आलीय, परवा यानं लाथ मारली होती. मला इथं बसवत नाही. मीच हलतोय तर आबा कसं करतील? धाकट्या, ऊठ. तू मागं जा. मी डोकं धरतो."

धाकटा क्षणभर तसाच राहिला, कदाचित हाही कसला तरी सापळा असेल असं त्याला वाटलं असावं. खातरजमा लंगडत गेला आणि त्याच्या खांद्याला ढकलून त्यानं शिंगं स्वतःच्या हातात घेतली. लंगडायची खरं तर काही गरज नव्हती. मग तो दूधवाल्याला म्हणाला, "आलाच आहेस तर इकडे ये, वेसण धर जरा. हा माझ्या एकट्याच्यानं आवरत नाही." दूधवाल्याला यावं लागलं. तांबड्याच्या लाळेनं त्याची बाही भिजली आणि त्याचं लक्ष आपल्या बाहीत राहिलं.

मागे धाकटा आबांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला असणार. खातरजमाची पाठ तिकडे होती. मान वळवली असती तर सगळं दिसलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ती वळवली नाही. त्याला चिमट्याचा तो आवाज ऐकू आला, वाळकी काटकी मोडावी तसा. तांबड्याचं सगळं अंग त्याच्या हातांखाली ताठ झालं आणि त्यानं लांबलचक श्वास सोडला. आबा मोजायला लागले. एक, दोन, तीन. त्यांचा आवाज आधी खालचा होता, वीसच्या पुढे नेहमीसारखा झाला. साठ झाल्यावर चिमटा उघडला, पहिल्या जागेच्या बोटभर खाली पुन्हा आवळला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणं सुरू झालं.

"मागं दोघं कशाला लागतात?" दूधवाल्यानं मध्येच विचारलं. "माझ्याकडे येताना आबा एकटेच येतील ना?"

"दोघं येतील," खातरजमा म्हणाला. "आमच्याकडे तशीच पद्धत आहे. एकानं करायचं, एकानं कातडी ताणायची. नाहीतर डाग राहतो." हे त्यानं जागच्या जागी रचलं होतं, आणि त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं की ते इतकं सरळ बाहेर आलं. दूधवाल्यानं मान हलवली. त्याला ते पटलं.

साठ झाले. चिमटा पेंढ्यावर पडला. आबा उठताना धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून उठले. मग कंबर धरून हळूहळू डोक्याकडे आले आणि खातरजमाच्या समोर उभे राहिले. त्यांचे डोळे ओले होते, पण ते घामानं असतील असं म्हणता येण्यासारखं होतं.

"जा," ते म्हणाले. "चाचपून बघ. खातरजमा करून घे."

खातरजमानं शिंगं सोडली नाहीत. मान खाली घालून तो तांबड्याच्या कपाळावरचे केस नीट करत राहिला.

"नको," तो म्हणाला. "धाकट्यानं बघितलंय ना."

आबांनी मान डोलावली. बायकोनं दारातून हाक मारली की चहा झालाय. खातरजमा म्हणाला, येतो, आबांचा पेला जरा निववून दे.